संहिता हाती येण्याआधी: जोन लिटलवूडची तालीम

लंडनच्या पूर्वेला स्ट्रॅटफर्ड नावाची वस्ती आहे. शेक्सपिअरचं स्ट्रॅटफर्ड वेगळं. तिथल्या नदीत हंस पोहतात, तर इथं रेल्वेचे कारखाने होते. १९५६ साली इथल्या थिएटर रॉयलच्या गच्चीवर नटमंडळी गोल गोल चालत होती. एकामागे एक, ठरावीक अंतर राखून, न बोलता. पहारेकऱ्याची पाठ वळली की तोंड न हलवता दोन शब्द, चिमूटभर तंबाखूची देवाणघेवाण, आणि पुन्हा चालणं. कोणत्या नाटकाची तालीम चाललीय हे त्यांना ठाऊक होतं, पण संहिता कुणाच्याही हातात नव्हती आणि कोण कुठलं पात्र करणार हेही ठरलेलं नव्हतं. सगळे फक्त कैदी होते.

नाटक होतं आयरिश नाटककार ब्रेंडन बीहनचं ‘द क्वेअर फेलो’. तुरुंगात दुसऱ्या दिवशी पहाटे एकाला फाशी व्हायची आहे आणि तो माणूस नाटकभर रंगमंचावर येतच नाही. दिसतो तो बाकीच्यांचा दिवस: कोठडी साफ करणं, चोरून ओढलेली विडी, कंटाळा, क्षुद्रपणा. बसवणारी होती जोन लिटलवूड. तिचा हिशेब सरळ होता. या नाटकाचा जीव संवादात नाही, कंटाळ्यात आहे. आणि कंटाळा पाठ करता येत नाही, तो अंगात मुरवावा लागतो. संहिता आधी हाती दिली की नट पहिल्याच दिवशी आपली वाक्यं मोजतो, पेन्सिलीने खुणा करतो, घरी जाऊन पाठ करतो आणि दुसऱ्या दिवशी तयार सूर घेऊन येतो. तो सूर मोडण्यात पुढचे दोन आठवडे जातात. त्यापेक्षा तो लागूच द्यायचा नाही.

तिच्याविषयी लिहिताना बहुतेक जण तिची विणलेली टोपी, तिची सिगारेट आणि तिच्या शिव्या यांतच अडकतात. माझ्या मते तिचं खरं काम संहिता हाती येण्याआधीच्या दिवसांत आहे. आणि तिची शोकांतिका अशी की ते दिवस तिला परवडेनासे झाले.

जन्म ६ ऑक्टोबर १९१४, दक्षिण लंडनमधलं स्टॉकवेल. आई अविवाहित; आजी-आजोबांनी वाढवलं. शिष्यवृत्ती मिळवून ती राडा या नामांकित नाट्यशाळेत पोचली खरी, पण तिथल्या उच्चभ्रू इंग्रजीला आणि दिवाणखानी नाटकांना कंटाळून शिक्षण अर्धवट टाकलं आणि उत्तरेची वाट धरली. बरीचशी वाट पायी. मँचेस्टरला तिची गाठ जिमी मिलरशी पडली. सॅल्फर्डचा हा कामगाराचा पोरगा पुढे इवन मॅकॉल या नावाने लोकगीतांच्या जगात प्रसिद्ध झाला. दोघांनी लग्न केलं आणि १९३४ मध्ये ‘थिएटर ऑफ ॲक्शन’, १९३६ मध्ये ‘थिएटर युनियन’ काढलं. आपल्याकडे १९४० च्या दशकात अण्णाभाऊ साठे, अमरशेख आणि गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक जे करत होतं, त्याच जातीचं हे काम: बेकारी, संप, स्पेनचं यादवी युद्ध, गाणी आणि भाषण एकत्र. १९४० साली ‘लास्ट एडिशन’ या जिवंत वर्तमानपत्राच्या धर्तीवरच्या प्रयोगावर पोलीस आले आणि दोघांना दंड झाला. बीबीसीनेही युद्धकाळात काही काळ तिला दार बंद केलं होतं.

युद्ध संपताच १९४५ मध्ये केंडल या गावी ‘थिएटर वर्कशॉप’ उभं राहिलं. पुढची आठ वर्षं म्हणजे दौरे. खाणकामगारांच्या वस्त्या, शाळांची सभागृहं, १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया आणि स्वीडन. नेपथ्य ट्रकमध्ये, मिळकतीत सगळ्यांचा सारखा वाटा, आणि मिळकत बहुधा नगण्य. पण या दौऱ्यांमुळे तिला एक गोष्ट मिळाली जी पैशांनी मिळाली नसती: तीच ती माणसं, वर्षानुवर्षं, रोज सकाळी एकत्र व्यायाम करणारी.

या व्यायामांबद्दल जरा सविस्तर, कारण ते आजही कुठल्याही हौशी संघाला वापरता येतात.

रुडॉल्फ लाबान हा हालचालींचा अभ्यासक नाझी जर्मनीतून निघून इंग्लंडमध्ये आला होता. त्याची सहायक जीन न्यूलव थिएटर वर्कशॉपच्या नटांना शिकवायला लागली. लाबान म्हणतो की कुठल्याही हालचालीला तीन प्रश्न विचारा. जोर किती, भारी की हलका? दिशा कशी, थेट की वळणावळणाची? वेळ कसा, झटक्यात की रेंगाळत? दोन दोन उत्तरं, तीन प्रश्न, म्हणजे आठ मेळ. भारी, थेट आणि रेंगाळती हालचाल म्हणजे दाबणं. तीच झटक्यात केली की ठोसा. भारी, वळणाची आणि रेंगाळती म्हणजे पिळणं, ओला टॉवेल पिळतो तसं. झटक्यात केली की सपकारा. हलक्या बाजूला या: थेट आणि रेंगाळती म्हणजे अलगद सरकणं, थेट आणि झटक्यात म्हणजे बोटाने टिपणं, वळणाची आणि रेंगाळती म्हणजे तरंगणं, वळणाची आणि झटक्यात म्हणजे झटकणं, बाहीवरची मुंगी झटकतो तसं.

करून बघायचं तर क्रम असा. आधी आठही क्रिया पूर्ण अंगाने, खऱ्या वस्तू घेऊन: भिंत दाबा, टॉवेल पिळा. मग वस्तू काढून घ्या, क्रिया ठेवा. मग क्रिया अंगातून काढून फक्त चालण्यात आणा. मग चालणंही थांबवा आणि आवाजात आणा. ‘बस इथं’ हे दोन शब्द दाबून म्हणा, पिळून म्हणा, टिपून म्हणा, झटकून म्हणा. चार वेगळी माणसं बोलल्यासारखी वाटतात. आता पात्रासाठी एक मूळ क्रिया निवडा, आणि ते पात्र घाबरल्यावर कुठल्या क्रियेत जातं ते शोधा. सरकत चालणारा सावकार अडचणीत आला की टिपायला लागतो का, की थेट ठोशावर येतो?

बिघडतं कुठे? नट ‘पिळणं’ करून दाखवायला लागतो आणि पात्र कठपुतळीसारखं दिसतं. म्हणून जोन लाबानच्या जोडीला रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीची अभिनयपद्धत ठेवायची. प्रवेशाचे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात पात्राला समोरच्याकडून काय हवंय ते क्रियापदात सांगायचं, आणि मग ती इच्छा कुठल्या हालचालीने पुरी होते ते बघायचं. इच्छेशिवाय हालचाल केली की नुसती कवायत होते. आणि हालचालीशिवाय इच्छा धरली तर खुर्चीत बसून विचार करणारे नट उरतात. त्या काळी इंग्लंडमध्ये त्यांची कमतरता नव्हती.

२ फेब्रुवारी १९५३ रोजी ‘ट्वेल्फ्थ नाइट’ने स्ट्रॅटफर्डच्या थिएटर रॉयलमधलं बस्तान सुरू झालं. १८८४ सालची, पार मोडकळीला आलेली इमारत. नटच झाडत, रंग देत, दुरुस्त्या करत आणि सुरुवातीला बरेच जण तिथल्याच रंगपटाच्या खोल्यांमध्ये झोपत. लंडनच्या जवळ गेलो की समीक्षकांच्या तालावर नाचावं लागेल, म्हणून मॅकॉलला हे स्थलांतर मान्य नव्हतं. तो हळूहळू बाजूला झाला. व्यवहार आणि पैसा सांभाळायला होता गेरी रॅफल्स. तो जोनचा आयुष्याचा जोडीदार झाला होता. नेपथ्य आणि प्रकाश जॉन ब्युरीचा. रंगवलेले पडदे त्याला चालत नसत. खडी हवी तर खडी, लोखंड हवं तर लोखंड. हीच दृष्टी घेऊन तो पुढे रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेला.

१९५५ हे वर्ष तिच्या कामातली दोन्ही टोकं दाखवतं. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात इंग्लंडतर्फे ही मंडळी ‘आर्डन ऑफ फेव्हरशॅम’ आणि ‘व्होल्पोने’ घेऊन गेली. वाहतुकीला पैसे नव्हते, म्हणून नेपथ्याचे तुकडे नटांनी स्वतःचं सामान म्हणून उचलून नेले. पॅरिसने डोक्यावर घेतलं. त्याच वर्षी डेव्हनमधल्या बार्नस्टेपल इथं जर्मन नाटककार ब्रेख्तच्या ‘मदर करेज’चा ब्रिटनमधला पहिला प्रयोग झाला आणि तो साफ पडला. कारण शिकण्यासारखं आहे. प्रयोगाची परवानगी देताना ब्रेख्तची अट होती की मुख्य भूमिका खुद्द जोनने करावी. तिने दुसऱ्या नटीला घेऊन तालीम चालवायचा प्रयत्न केला, पण ब्रेख्तच्या बाजूने दबाव आल्यावर ऐनवेळी स्वतः उभी राहिली. नाटकभर गाडा ओढणारी, गाणारी, प्रत्येक प्रवेशात असणारी भूमिका आणि दिग्दर्शन, दोन्ही एकाच डोक्यावर, तेही अपुऱ्या तालमीत. बाहेरून बघणारा डोळाच उरला नाही.

‘क्वेअर फेलो’नंतर दोन वर्षांनी तिच्या टेबलावर सॅल्फर्डच्या १९ वर्षांच्या शेलाघ डिलेनीची संहिता आली, ‘अ टेस्ट ऑफ हनी’. एक बेफिकीर आई, शाळकरी मुलगी, भाड्याची कळकट खोली. पडदा उघडतो तेव्हा दोघी सामान घेऊन नव्या बिऱ्हाडात शिरतात. तालमीत जोनने दोन्ही नट्यांना, ॲव्हिस बनेज आणि फ्रान्सेस क्युका यांना, जड सुटकेसा घेऊन रंगमंचावर फेऱ्या मारायला लावल्या. मध्ये बस पकडणं, कंडक्टरशी हुज्जत, घरमालकिणींशी भांडणं, पुन्हा फेऱ्या. खांदे भरून आल्यावर पहिला प्रवेश सुरू. मग ‘दमल्याचा अभिनय’ करायची गरजच उरत नाही. नवशिक्या दिग्दर्शकांनी एवढं एक उचललं तरी पुष्कळ, मात्र सुटकेस रिकामी ठेवू नये. रिकाम्या बॅगेचं वजन प्रेक्षकाला शेवटच्या रांगेतून कळतं.

या नाटकात तिने रंगमंचावर जाझ वाजवणारे त्रिकूट बसवलं. आई प्रेक्षकांकडे वळून टोमणे मारते, पात्रं नाचत आत-बाहेर करतात. वास्तववादी म्हणवल्या जाणाऱ्या नाटकात हे केल्याबद्दल काहींनी नाकं मुरडली. पण डिलेनीची भाषा इतकी टोकदार होती की चार भिंतींत कोंडली असती तर रडकी झाली असती.

त्याच १९५८ सालच्या ऑक्टोबरात बीहनचं ‘द होस्टेज’ आलं. मुळात आयरिश भाषेतलं छोटं, गंभीर नाटक. स्ट्रॅटफर्डला येईपर्यंत त्यात गाणी, नाच आणि ताज्या बातम्यांवरचे विनोद घुसले. बीहन मद्यालयात सांगायचा ते किस्सेही तालमीतून आत आले. इथं एक खरा वाद आहे आणि तो जोनच्या चाहत्यांनी झटकून टाकू नये. आयरिश जाणकारांचं म्हणणं, मूळ नाटकाची धार या धुडगुसात बोथट झाली. इंग्रजी नाटक हा वेगळाच पदार्थ आहे हे खरंच आहे. मूळ नाटक त्यात शोधायला गेलं तर सापडणार नाही.

आणि मग कायदा. १९६८ पर्यंत इंग्लंडमध्ये प्रत्येक नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कार्यालयातून मंजूर करून घ्यावी लागे, आणि रंगमंचावर मंजूर शब्दांव्यतिरिक्त काही बोलणं गुन्हा होता. थोडक्यात, जोनची कामाची पद्धतच बेकायदा होती. हेन्री चॅपमनच्या ‘यू वोन्ट ऑल्वेज बी ऑन टॉप’ मध्ये ब्युरीने बांधकाम चालू असलेली इमारत उभी केली होती आणि नट प्रयोगात खरोखर विटा रचत. पावसाळी दिवशी बांधकामावर माणसं जशी बोलतील तसं बोलत. त्यात एकाने चर्चिलच्या आवाजात सार्वजनिक शौचालयाचं उद्घाटन केलं. १९५८ मध्ये मंडळी न्यायालयात उभी राहिली. वकिलांनी फुकट काम केलं, दंड किरकोळ झाला आणि परिनिरीक्षणाच्या, म्हणजे सेन्सॉरच्या, विरोधकांच्या हाती आयता मुद्दा पडला. दहा वर्षांनी इंग्लंडने ही पद्धत मोडीत काढली. आपलं रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ तेव्हा होतं तसंच पुढेही चालू राहिलं, हे जाता जाता.

आता ‘ओ व्हॉट अ लव्हली वॉर’. पहिला प्रयोग १९ मार्च १९६३.

मूळ बी रेडिओतलं. चार्ल्स चिल्टन या निर्मात्याने पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या गाण्यांवर बीबीसीसाठी कार्यक्रम केला होता. त्याचे वडील त्याच युद्धात मारले गेले होते. त्यांची कबर शोधायला तो फ्रान्समध्ये आरासला गेला, तर कबर नव्हतीच. होती ती हजारो बेपत्ता सैनिकांच्या नावांची भिंत. तो कार्यक्रम रॅफल्सने ऐकला आणि नाटकाची कल्पना निघाली. जोनला खाकी रंगाचा तिटकारा होता. रंगमंचावर सैनिकी गणवेश आला की प्रेक्षक एक तर भारावतो नाहीतर रडतो, आणि दोन्हींत त्याचं डोकं बंद पडतं. म्हणून सगळी मंडळी पिएरोच्या पोशाखात: सैल पांढरे झगे, काळे गोंडे, इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यांवर उन्हाळ्यात गाणी-गमती करणारे विदूषक घालत तसे. सैनिक व्हायचं तर त्यावर फक्त हेल्मेट किंवा पट्टा. जनरल व्हायचं तर टोपी.

बांधणी तीन थरांची आहे. खाली विदूषक गाताहेत, तीही खंदकातल्या सैनिकांनी रचलेली खरी, टवाळ, गोड गाणी. मागे पडद्यावर युद्धातली खरी छायाचित्रं. आणि वर दिव्यांच्या अक्षरांची सरकती बातमीपट्टी. फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईच्या शेवटी पट्टीवर येतं: एकूण हानी १३,३२,००० माणसं, फायदा शून्य. तिन्ही थर एकमेकांना विरोध करतात आणि प्रेक्षकाचं हसू अर्ध्यावर अडकतं. रक्त नाही. डोळ्यांसमोर कुणी मरून पडत नाही. संगिनीच्या कवायतीत हवालदार नुसते भुंकल्यासारखे निरर्थक आवाज काढतो. खऱ्या शिव्या परिनिरीक्षकाने मंजूर केल्या नसत्या, आणि जे निघालं ते शिव्यांपेक्षा भयंकर होतं. व्हिक्टर स्पिनेटीला पुढे न्यूयॉर्कच्या प्रयोगासाठी टोनी पुरस्कार मिळाला.

हे नाटक नंतर जगभर शाळा-कॉलेजांत बसवलं गेलं आणि बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतं: नट आकड्यांना अभिनयाने दुजोरा देतात. पट्टीवर मृतांची संख्या आली की गाणाऱ्याचा चेहरा पडतो. पडता कामा नये. विदूषकाने पट्टी वाचलेलीच नाही, ती फक्त प्रेक्षकाने वाचली आहे. दुसरी चूक वेळेची. पट्टी गाण्याच्या शेवटच्या ओळीनंतर आली तर ती तळटीप होते. ओळ चालू असताना आली पाहिजे, म्हणजे कान एकीकडे, डोळे दुसरीकडे. म्हणून पट्टी चालवणारा माणूस पहिल्या दिवसापासून तालमीत हवा, रंगीत तालमीला नव्हे.

स्ट्रॅटफर्डला शेवट कठोर होता: फ्रेंच सैनिक मेंढरांसारखे बें बें करत पुढे सरकतात आणि गोळ्यांना सामोरे जातात. लंडनमधल्या वेस्ट एंडच्या व्यावसायिक थिएटरात गेल्यावर शेवटी गाण्यांची उजळणी आली आणि प्रेक्षक गुणगुणत घरी जाऊ लागला. रिचर्ड ॲटनबरोने, होय, ‘गांधी’वाल्याने, १९६९ मध्ये चित्रपट केला. त्यात खाकी आली, तारे-तारका आल्या, शेवटी टेकडीभर पांढरे क्रूस आले. दृश्य विलक्षण आहे, पण जोनने जे जे टाळलं ते सगळं त्यात आहे. तिला तो आवडला नाही यात नवल नाही.

वेस्ट एंडच्या गोष्टीतच तिच्या कारकिर्दीचा पेच आहे. कला मंडळाचं अनुदान तुटपुंजं. स्ट्रॅटफर्डचं थिएटर चालवायला पैसा हवा, आणि तो मिळवायचा एकच मार्ग: गाजलेलं नाटक वेस्ट एंडला हलवायचं. ‘टेस्ट ऑफ हनी’ गेलं, ‘होस्टेज’ गेलं, ‘फिंग्ज एन्ट वॉट दे यूझ्ड टी बी’ गेलं आणि दोन वर्षं चाललं. प्रत्येक नाटकाबरोबर तिचे वर्षानुवर्षं घडवलेले नट गेले. आठवड्याला आठ प्रयोग, तेच शब्द, तेच हशे. ती अधूनमधून प्रेक्षागृहात मागे उभी राहून बघायची आणि सैल पडलेल्या जागांची धारदार टिपणं लिहून नटांना पाठवायची. इकडे स्ट्रॅटफर्डला नव्या नाटकासाठी नवी माणसं. त्यांना दाबणं-पिळणं पहिल्यापासून शिकवा, गच्चीवर चालवा. तेवढ्यात तेही नाटक गाजायचं आणि तेही जायचे. न गाजलं तर भाडं थकायचं. हॅरी कॉर्बेट, बार्बरा विंडसर अशी माणसं दूरचित्रवाणी आणि चित्रपटांनी उचलली. मायकेल केनला तर तिने खूप आधीच, तू फक्त स्टारच होशील, अशा अर्थाचं काहीतरी सुनावून वाटेला लावलं होतं. तिच्या तोंडी ती शिवी होती.

१९६१ मध्ये ती थिएटर सोडून निघून गेली, ‘लव्हली वॉर’साठी परतली. वास्तुविशारद सेड्रिक प्राइसबरोबर तिने ‘फन पॅलेस’ची योजना आखली: पोलादी सांगाडा, वर सरकत्या क्रेन, आणि हव्या तशा हलवता येणाऱ्या भिंती, जिने, मंच. कुणीही यावं, शिकावं, नाचावं किंवा नुसतं बसावं. ली नदीच्या खोऱ्यातली जागाही बघितली होती. परवानग्या आणि पैशांच्या चिखलात ती इमारत कधी उभी राहिली नाही, पण आराखडे वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अजून शिकवले जातात. १९६५ चं ‘ट्वँग!!’ हे लायनेल बार्टचं रॉबिन हूडवरचं संगीत नाटक मात्र उभं राहूनही कोसळलं. संहिताच धड नव्हती, निर्मितीचा खर्च प्रचंड होता, आणि तालमीत नाटक शोधायची तिची पद्धत एवढ्या मोठ्या नेपथ्य-वाद्यवृंदाच्या गाड्यासमोर चालली नाही. लंडनच्या पहिल्या प्रयोगाआधीच ती बाहेर पडली.

सत्तरच्या दशकात पुनर्विकासाने स्ट्रॅटफर्डचा जुना बाजार जमीनदोस्त होत असताना थिएटर रॉयल वाचलं ते मुख्यतः रॅफल्सच्या हट्टामुळे. १९७५ मध्ये फ्रान्समधल्या व्हिएन इथं तो अचानक गेला. जोन फ्रान्समध्येच राहिली. बॅरन फिलिप द रॉथशिल्ड या द्राक्षमळेवाल्या धनाढ्याच्या आठवणी तिने लिहून काढल्या, १९९४ मध्ये स्वतःच्याही लिहिल्या. नाटक मात्र पुन्हा बसवलं नाही. २० सप्टेंबर २००२ रोजी, ८७ व्या वर्षी, ती लंडनमध्ये वारली.

थिएटर रॉयल चालू आहे. त्याच्या समोरच्या चौकाला रॅफल्सचं नाव आहे आणि २०१५ पासून तिथं जोनचा पुतळा बसलाय, डोक्यावर टोपी, खाली राडारोडा.